बारावी पेटी

ब्लॉकचेनचा नोड, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी तपासून पुढे पाठवणारा संगणक, साध्या माणसालाही चालवता यावा म्हणून चारुताने प्लगला लावताच चालणारी पेटी बनवली आणि पनवेलजवळच्या बारा घरांत बसवली. बारावी जगनकाकांकडे. पुढे विमानतळासाठी त्यांचं गाव उठलं, घरांवर दोन पुरुष भराव पडला, तरी चारुताच्या फोनवर त्या पेटीचा हिरवा ठिपका विझेना. पेटी नोंदी तपासून पाठवतच होती. “काका, पेटी नव्या घरी नेलीत ना?” “नाय गो. देव्हाऱ्याखालीच ऱ्हायली.” भर दुपारी दोघं भरावावर गेली. ना खांब, ना वायर, नुसता मुरूम. चालता चालता फोनने पेटीचं वायफाय पकडलं आणि एका जागी फुल रेंज आली. चारुता तिथेच थांबली. “काका, चालू आहे ती. इथेच, खाली.”  काकांनी चपला काढल्या. “तू पन काढ. इथं आमचा देव्हारा हाय.”