एका खोलीत दोघं

अक्षताचं लग्न बालीला होणार होतं. सोलापूरहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिनं ग्रुपवर सूचनांची लांबलचक यादी टाकली. पासपोर्ट जवळच्या पिशवीत ठेवा, सुती कपडे घ्या, शेंगाचटणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. तिची आई चन्नम्मा चष्मा लावून एकेक ओळ वाचत होती, ती शेवटच्या ओळीवर अडली. 'एका खोलीत दोघं. नवरा-बायको एकत्र.'

नऊ वर्षांपूर्वी नवऱ्यानं, सोमलिंगनं, तिला सख्ख्या भावाच्या अंत्यदर्शनाला जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. त्याचं ताट वाढून ठेवायची आणि मागच्या खोलीत निघून जायची. आता परक्या मुलखात, चार भिंतींच्या आत, पाच दिवस? आणि पोटच्या लेकीच्या लग्नाला येत नाही असं तरी कोणत्या तोंडानं सांगणार?

तिनं बेंगळुरूला लेकीला फोन लावला. "अक्षता, मला तुझ्या सुगलामावशीच्या खोलीत टाक की. खाली सतरंजीवर बी झोपीन मी."

"अव्वा, मी तुला मावशीसोबतच ठेवलं होतं. काल अप्पांनी फोन करून बदलायला लावलं. म्हणाले, 'हितं मी तोंड उघडलं की ती उठून आत जाते. तितं आत जायला दुसरी खोली न्हाय. मला तिची माफी मागायची हाय.'"