जिन्यातलं वायफाय

“काका, तुमच्या वायफायला पासवर्ड का नाही हो?” मैत्रिणींनी डिवचलं म्हणून जुईनं शेजारच्या टिपणीसकाकांना थेट विचारलंच. मैत्रिणी बाहेर जिन्यात, काकांच्याच फुकटच्या नेटवर, फिदीफिदी हसत होत्या.

काका टीव्हीला जोडलेल्या जुनाट कॉम्प्युटरपाशी एकटेच बसले होते. कॅसेट किरकिरत होती. पूर्वी गेम कॅसेटवर मिळायचे, तसला तिच्यातला एक गेम हळूहळू कॉम्प्युटरवर चढत होता. “पासवर्ड नसलेलं वायफाय म्हणजे सताड उघडं दार. चोर शिरेल, कळतं मला,” ते म्हणाले. “पण कुलूप लावलं, तर जिन्यात बसायला कोण येईल?”

जुईचं हसू विरलं. टेबलावर दोन जॉयस्टिक होत्या. दुसरीची वायर गुंडाळलेलीच होती.

घरी येताच तिनं जाहीर केलं, “आईबाबा, उद्या मी काकांच्या वायफायला पासवर्ड घालून देणार. आणि तरीही रोज संध्याकाळी त्यांच्याकडे खेळायला जाणार.”