झोप लागली का?

"एकच ठेवता येईल," केंद्रातल्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "पंधराव्या वर्षी डोक्यात जगभाषेची चकती बसवायची, तिला जागा नको का? शोना की बेलारुशियन, पटकन सांग."

रुवाने समोरच्या यंत्राला विनवलं, "दोन्हींत काहीतरी सारखं शोध ना! म्हणजे एकीवरून दुसरी आठवेल." यंत्राने दोन्ही भाषा तळापासून उपसल्या आणि सांगितलं, जवळजवळ काहीच नाही.

तिचे बेलारुशियन वडील, ताता, छताकडे बघत बसले. झिम्बाब्वेची शोना आई, अमाई, मात्र चक्क हसली. "वेडाबाई, माझी भाषा बोलणारे कोटभर आहेत. ताताशी त्याच्या भाषेत बोलायला घरात तूच उरलीस. तीच ठेव."

रुवाने डोळे गच्च मिटले आणि बेलारुशियनवर बोट ठेवलं.

रोज सकाळी अमाई ओंजळीच्या टाळ्या वाजवून विचारायची, "झोप लागली का?" आणि शोना रीतीप्रमाणे रुवा उत्तर द्यायची, "तुला लागली असेल, तर मलाही लागली."

दुसऱ्या दिवशीही अमाईने टाळ्या वाजवल्या, काहीतरी विचारलं. रुवाला नुसता आवाज ऐकू आला. तिने जीव तोडून आठवलं, पण एक शब्द सापडेना. हात मात्र आपोआप जुळले आणि ती तशाच टाळ्या वाजवत सुटली, थांबेचना.

अमाईने ते हात धरले आणि जगभाषेत हळूच म्हणाली, "नाही गं, मला नाही लागली झोप."