मोठ्या जावेचा आकडा

१९९७ साली मानसशास्त्राची विद्यार्थिनी रक्षा नाचणगावात घरोघरी विचारत होती, "जुन्या गोष्टीचा कडवटपणा मनात अजून किती उरलाय? दहापैकी सांगा."

सुलोचनाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ कमलाबाई एकाच अंगणात राहायच्या, पण बोलत नव्हत्या. दिराच्या लग्नात आहेराची पहिली साडी मोठीच्या आधी कमलाबाईंनी घेतली होती, तेव्हापासून.

"दहा," दोघी एकदमच म्हणाल्या.

कमलाबाईंनी पदर सावरला. "माहे नऊ लिहा. जाऊबाई मोठ्या हायेत. दहा त्यायलेच शोभते."

सुलोचनाबाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी त्या जावेशी बोलल्या, "हाच मान तवा काऊन नाई देला वं?"

मग रक्षाकडे वळून म्हणाल्या, "माहे अकरा लिहून घे."