फिरती वही

शुक्रवारी जेवणं झाल्यावर रणजितने ब्रीफकेसमधून एक तपकिरी पाकीट काढून वडिलांपुढे ठेवलं. पाकिटावर सांगलीचा शिक्का होता, नोव्हेंबरचा. भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर फेब्रुवारी १९९८.

"सॉरी बाबा. आमच्या पी.ओ. बॉक्समध्ये आलं होतं. ऑफिसातल्या शौकतभाईंनी टेबलावर ठेवलं, मी ड्रॉवरमध्ये टाकलं, मग रमजान, ईद, ऑडिट... राहूनच गेलं. अर्जंट नव्हतं ना काही?"

भानुदासरावांनी पाकीट हातात तोलून पाहिलं. आत काय आहे ते न उघडताच कळलं.

"नाही," ते म्हणाले.

शारजात टपाल घरी येत नाही. ते मुलाच्या कंपनीच्या पेटीत येतं आणि तिथून कंपनीच्या सवडीने घरी पोचतं. तेव्हा रणजितला दोष द्यायचा तरी किती?

आत वही होती. १९५७ साली पुण्याच्या कॉलेजात बास्केटबॉल खेळणारे दहा जण तेव्हापासून ही वही पोस्टाने फिरवत होते. आपलं एक पान लिहायचं आणि वही पुढच्या नंबरला पाठवायची. भरली की नवी. नोकऱ्या, लग्नं, मधुमेह, सगळं त्यात येऊन गेलं होतं. त्या मोसमातले नऊ जिंकलेले सामने तर कागदावर शंभरदा खेळून झाले होते. दहाव्याबद्दल, फायनलबद्दल, कुणी लिहीत नसे.

पहिल्या पानावर जर्सीच्या नंबरांपुढे नावं होती आणि खाली नियम: वही आठ दिवसांत पुढे पाठवावी. जो गेला त्याचं नाव खोडून त्याच्या पुढच्याला पाठवावी.

दहा वर्षांची स्वानंदी आजोबांच्या खांद्यावरून डोकावली. "आजोबा, व्हाय डझ इट स्टार्ट फ्रॉम फोर?"

"एक, दोन, तीन ही बोटं पंचाला खुणा करायला लागतात. म्हणून खेळाडूंचे नंबर चारपासून."

"हू इज फोर?"

"वासुदेव. आमचा कॅप्टन. मी नऊ."

आठ नावांवर रेघा होत्या. त्यांच्याबद्दल तिने विचारलं नाही. टीव्हीवर कार्टून लागलं होतं, ती तिकडे पळाली.

चारवर रेघ मारायची राहिली होती. जानेवारीत वासुदेवच्या मुलाचा फोन आला तेव्हा भानुदासराव "बरं" म्हणाले, रिसीव्हर ठेवला आणि ताटात राहिलेला वरणभात संपवला. सुनेला, पर्णिकाला, वाटलं की बाबांना नीट ऐकू आलं नाही. नीट आलं होतं. आत काही हललं नाही, एवढंच. पुढे दोन-तीन दिवसांनी थोडा रागच आला, की वाशाने जाताना वही अडकवून ठेवली.

वासुदेवचं पान छोटं होतं. अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेलेलं.

"भानू, फायनलमध्ये समोरच्या टीमवर टेक्निकल फाउल लागला. सात सेकंद उरलेले, आपण एका पॉइंटने मागे. एक फ्री थ्रो, आणि तो कुणी घ्यायचा ते कॅप्टनने ठरवायचं. टीममध्ये सगळ्यात पक्का हात माझा होता. तरी मी चेंडू तुला दिला. तुझा चुकला. सगळे म्हणाले भानूने फायनल घालवली, आणि मी म्हणू दिलं. खरं हे की मी घाबरलो होतो. वही सगळे वाचायचे, म्हणून आजवर लिहवलं नाही. आता ती आपल्या दोघांतच आहे. डॉक्टर फार मुदत देत नाहीत. रागावला असशील तर तसं लिही. पण लवकर लिही."

भानुदासरावांनी पान पुन्हा वाचलं. रडू येईल म्हणून ते थोडे थांबले. आलं नाही. नोव्हेंबर, डिसेंबर, अर्धा जानेवारी, त्यांनी बोटांवर मोजलं. तेवढे दिवस वाशा रोज पोस्टमनची वाट बघत राहिला असणार, आणि उत्तर येत नाही म्हणजे भानू रागावला, असंच समजून गेला असणार.

"बाबा, चहा टाकू?" पर्णिकाने आतून विचारलं.

"टाक."

त्यांनी पेन उघडलं आणि वासुदेवच्या पानासमोर लिहिलं: "वाशा, चेंडू देताना तुझे हात थरथरत होते. मी तेव्हाच पाहिलं होतं. राग कधीच नव्हता."

एवढंच. हे चाळीस वर्षांत कधीही लिहिता आलं असतं. वाशाला ते ठाऊकच असेल असं ते धरून चालले होते.

मग त्यांनी स्वानंदीची पट्टी घेतली आणि चार नंबरवर सरळ रेघ मारली. चहा आला, तो निवेपर्यंत ते नियम वाचत बसले. शेवटी वही नव्या पाकिटात घालून वर पत्ता लिहिला.

शनिवारी सकाळी रणजित दारात बूट चढवत होता. "यल्ला स्वानंदी, चल लवकर, बस येईल!"

भानुदासरावांनी पाकीट पुढे केलं. "पोस्टात टाक."

"रोल्लाच्या पोस्टात टाकतो, वाटेतच आहे." त्याने पत्ता वाचला आणि थांबला. "बाबा, हा तर आमच्या कंपनीचाच बॉक्स नंबर आहे. आणि नाव तुमचं."

"हो. नऊच्या पुढे आता नऊच आहे."

खालून बसचा हॉर्न वाजला.

"टाक तू," भानुदासराव म्हणाले. "आणि आलं की या वेळी ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस."