जीवनचं अर्धं गाणं

"लग्नानंतर हे वाजवणं चालूच राहणार का?" पुष्पाबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवत सरळच विचारलं.

मुलाला, समाधानला घेऊन त्या धुळ्याहून सविताला बघायला आल्या होत्या. दीपनगरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच नर्मदाबाईंचं घर. घरात दोघीच, नर्मदाबाई आणि सविता. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली जीवनचा फोटो होता. खांद्याला गिटार, डोळे मिटलेले.

"राहणार," नर्मदाबाई म्हणाल्या. "गिटार तिच्यासोबतच येईल."

पुष्पाबाई फोटोकडे पाहत राहिल्या. जीवनबद्दल त्यांना ठाऊक होतं. धुळ्या-जळगावच्या कॉलेजांत तर कोणाला ठाऊक नव्हतं?

जीवनचे वडील दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्रात फिटर होते. कॉलनीत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची. त्या राखेवर पोरानं गाणं रचायला घेतलं आणि जमलं तेवढंच आंबेडकर जयंतीच्या स्टेजवर वाजवलं. डीजे सोडून ही कसली कटकट, म्हणत म्हातारी माणसं उठली, आणि मंडपाच्या कडेलाच उभी राहिली. गाणं थांबेपर्यंत कोणी घरी गेलं नाही.

पुढे त्यानं बँड काढला. अहिराणीतलं रॉक. भुसावळपासून शिरपूरपर्यंत गॅदरिंग म्हटलं की त्यालाच बोलावणं. देवचंदनाना, त्याचे वडील, त्याच काळात वारले. पण पोराच्या नावाची पोस्टरं त्यांनी पाहिली होती. मग पुण्याहून रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात कार्यक्रमाहून परतताना पारोळ्याजवळ जीवनची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. सव्वीस वर्षांचा होता तो.

बँड संपला, असं सगळ्यांनीच धरलं. वर्षभरानं सविता त्याची गिटार घेऊन स्टेजवर उभी राहिली. तिला जीवननंच शिकवलं होतं. आता संध्याकाळी ती घरी क्लास घ्यायची आणि सुट्टीला बँडबरोबर जायची. समाधान धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवत होता. तिथल्याच गॅदरिंगला त्यानं तिला पहिल्यांदा ऐकलं होतं.

"पोर चांगली शे," पुष्पाबाई म्हणाल्या. "क्लास घेऊ दे, घरात दिवसभर वाजवू दे. आमनाकडे बठ्ठं चालस. पण कार्यक्रमांना गावोगाव हिंडणं नको. ताई, तुमच्याच घरात झालंय. तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते. ती परत येईपर्यंत घास उतरत नाही."

"मग?"

"जाऊ नको म्हटलं असतं तर घरात बसून वाळली असती. मी बघितलंय तिला तशी."

सविता कप उचलून आत गेली. नर्मदाबाई मागोमाग गेल्या.

"आई, त्यांना नाही म्हणून सांगा," सविता हळूच म्हणाली. "मला कुठे जायचंच नाहीये. तुम्ही एकट्या काय कराल?"

"क्लासची पोरं येतील की. मोठी पोरं धाकट्यांना शिकवतील. तू रविवारी येत जा. माझ्यासाठी थांबू नकोस, सविता."

"पण त्यांना स्टेज नकोय."

"त्या मुलानं अजून तोंड उघडलेलं नाही. आधी तू वाजव. मग बोलू दे त्याला."

बाहेर येऊन सवितानं गिटारच्या तारा जुळवल्या. सुरुवातीला तिची बोटं अवघडलेली होती. मग 'राख'चा ठेका लागला आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. पुष्पाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. जिथं गाणं संपेल असं वाटलं तिथून ते वर चढत गेलं. केव्हातरी पुष्पाबाईंचे हात मांडीवर आले होते.

"हे बठ्ठं गाणं त्यानंच केलेलं?" आवाज विरल्यावर त्यांनी विचारलं.

"पहिलं अर्धं त्याचं. ते तिथंच राहिलं होतं. पुढचं मी केलं."

"पुढचंच जास्त चांगलं शे," पुष्पाबाई बोलून गेल्या आणि नर्मदाबाईंकडे बघून ओशाळल्या. "वाईट वाटून घेऊ नका, ताई."

"मलाही तेच चांगलं वाटतं," नर्मदाबाई म्हणाल्या.

सवितानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

समाधाननं घसा खाकरला. "आई, कार्यक्रमांना ती जाईल. गाडी मी चालवीन. उशीर झाला तर तिथंच मुक्काम करू, अपरात्री निघायचं नाही." मग तो सविताकडे वळला. "एवढं चालेल का?"

सवितानं गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"बँडमधले सगळे घोरतात," ती म्हणाली. "मुक्कामाचं विचार करून ठरवा."

सगळ्यात आधी हसल्या त्या पुष्पाबाई.

कॉलेजच्या परीक्षा संपल्या की लग्न करायचं ठरलं, इथल्याच विहारात. वाजवायला अर्थातच बँड. निघताना पुष्पाबाईंनी सविताच्या पाठीवरून हात फिरवला आणि नर्मदाबाईंचे दोन्ही हात हातात धरले. मुलानं गाडी वळवली तरी त्या काचेतून हात हलवत होत्या.

क्लासची पोरं यायला लागली. आतून सविताचा आवाज येत होता, एकाला ती पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सांगत होती. नर्मदाबाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी सावद्याला फोन लावला. पलीकडून फोन उचलला गेला.

"जयभीम, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "जीवन गेला तेव्हा तुम्ही तुमच्या लेकीला न्यायला आला होतात, आणि ती मला सोडून निघाली नव्हती. आता या. तिचं लग्न ठरवलंय मी."