जुनी सतरंजी

नव्या इमारतीतल्या पहिल्याच सकाळी माझं डोकं फिरलं. एवढा मोठा हॉल, भिंतीलगत कोऱ्या खुर्च्या, आणि आमची सगळी मुलं जुन्याच सतरंजीवर मांडीला मांडी लावून कागदी पिशव्या चिकटवत बसलेली.

"अरे, ऐसपैस बसा की! हे माझं गॅरेज नाही आता!" मी ओरडले. कुणी हललं नाही.

गॅरेजमध्ये विशेष मुलांसाठी ही संस्था सुरू केली, तेव्हा मुलं चारच होती. नवीन कुणी आलं, की आमचा सदानंद "सरका!" म्हणायचा आणि सगळे सरकून जागा करायचे. असं सरकता सरकता गॅरेजची भिंत लागली, म्हणून तर ही इमारत बांधली. सदानंदची चाळिशी उलटली, तरी आमच्याकडे तोही 'मुलगा'च.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. त्यांचा शर्ट घट्ट धरून मागे विशीतली लेक. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली, तर ती मोठ्यानं रडायलाच लागली.

"ही कुठंच रमत नाही हो, मॅडम. उगाच तुम्हाला त्रास. येतो आम्ही," म्हणत ते चपला घालू लागले.

"सरका!" सदानंद गरजला.

अख्खा हॉल रिकामा असताना सगळे सरकले. मधे एका माणसापुरती जागा झाली. मुलगी रडायची थांबली, शर्ट सोडून तिथं जाऊन बसली. सदानंदनं तिच्या हातात पिशवी दिली.

एक चप्पल पायात, एक हातात, वडील तसेच उभे. मीही खुर्ची धरून उभीच. सदानंदनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि वैतागून पुन्हा सतरंजीवरच्या सगळ्यांना ओरडला, "सरका!"